गारवा कोठें हरवला?

[नभोवाणीवरील भाषण]

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ऐकून माझे जुने विद्यार्थी गालांतल्या गालांत हंसतील. पस्तीस वर्षें खडू आणि फळा ह्यांपलीकडे ज्याचा हात कशाला लागला नाहीं असा मी एक मॅट्रिक झालेला निवृत्त शाळामास्तर. आणि माझ्या भाषणाचा विषय काय, तर जुन्या शर्यती बांध्याच्या मोटारींतलें हवा थंड करणारें यंत्र बिघडलें असतां त्याचा दोष कसा शोधावा! परंतु आपण थोडा धीर धराल तर आपल्या ध्यानांत येईल कीं, हा विषय एकट्या मोटारीचा नाहीं. दोष कोठें आहे हें पाहण्यापूर्वींच उपाय करूं लागण्याची जी खोड आपणां बहुतेकांना असते, तिचा हा विषय आहे. त्या खोडीपायीं माझ्या हातून एका तरुण कारागिरावर अन्याय झाला. तो चारचौघांत झाला, म्हणून त्याची कबुलीहि चारचौघांतच द्यावी, हा माझा आणखी एक हेतु.

मी राहतों तें ताथवडें गांव पुण्याच्या वायव्येस, मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कांठीं आहे. माझ्या तरुणपणीं येथें शेतें होतीं, आणि गुरांच्या पैदाशीचें सरकारी प्रक्षेत्र हीच काय ती गांवाची ओळख. शेजारीं हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या आल्या, २००९ सालीं आमचें गांव पिंपरी-चिंचवड महापालिकेंत गेलें, आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. हा सगळा टापूच मोटारींचा. पिंपरीस टाटांचा मोठा कारखाना. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज ह्यांचे कारखाने. त्यामुळें इकडे ज्याच्या घरीं मोटार नाहीं त्याच्याहि घरीं मोटारीचा एखादा भाग घडविणारा माणूस सांपडतोच.

आमच्या घरीं तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. भोसरीच्या एका कारखान्यांत तीस वर्षें लेथवर उभा राहून तो निवृत्त झाला, आणि फंडाच्या पैशांतून त्यानें काय घ्यावें? १९९५ सालच्या बनावटीची, परदेशांतून आलेली, दोन आसनांची, जमिनीला टेकलेली एक जुनी गाडी! घरांतील सर्वांनीं त्याला वेड्यांत काढलें. त्या गाडींत बसणें म्हणजे पाटावर बसणें आणि उतरणें म्हणजे विहिरींतून वर येणें. पण त्याचें म्हणणें असें कीं, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग घडविले. आतां एक गाडी स्वतःची, मनासारखी असूं द्या. ह्या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आपल्या देशांत असल्या गाड्या फारशा झाल्याहि नाहींत. गोव्यांत तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या अंगाची लहानशी गाडी, आणि २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत प्रथम दिसलेली दिलीप छाब्रिया ह्यांची अवंती, अशीं बोटांवर मोजण्याजोगींच नांवें. भावाच्या गाडीचें नांव मी मुद्दाम सांगत नाहीं. कारण दोष गाडीचा कमी आणि आमचा अधिक होता.

आतां, गाडींत थंड हवा हवीच कशाला, असें कोणी विचारील. आमच्या घरीं ती चैन नव्हती. माझ्या भावजयीला दमा आहे. दर पंधरा दिवसांनीं तिला औंधला डॉक्टरांकडे न्यावें लागतें. वाटेंत बांधकामांचा धुरळा इतका कीं काच खालीं केली तर तिला धाप लागे, आणि काच वर ठेवली तर वैशाखांत तो ठेंगणा, सगळीकडून कांचेचा डबा भट्टीसारखा तापे. आंतलें यंत्र तर नीट थंड करीना. तेव्हां भावानें मनाशीं ठरविलें कीं, आणखी एकदां दुरुस्ती करून पाहावी, नाहीं तर गाडी विकून टाकावी. त्यानें मोठ्या हौसेनें घेतलेली एकुलती एक वस्तु जाणार कीं राहणार, हा प्रश्न त्या एका यंत्रावर येऊन ठेपला होता.

पुढील हकीकत समजण्यासाठीं हें यंत्र गारवा कसा निर्माण करतें तें पाहिलें पाहिजे. खरें म्हणजे तें गारवा निर्माण करीतच नाहीं. तें उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेऊन टाकतें. माठांतलें पाणी थंड कां होतें, हें आपण शाळेंत शिकलां आहां. पाणी झिरपून त्याची वाफ होते आणि ती वाफ जातांना माठाची उष्णता घेऊन जाते. सुई टोंचण्यापूर्वीं डॉक्टर दंडावर स्पिरिट लावतात तेव्हां जो गार स्पर्श होतो त्याचें कारणहि तेंच. मोटारींत पाण्याच्या ऐवजीं असा एक पदार्थ घेतात कीं, जो मोकळ्या हवेच्या दाबाखालीं शून्याच्याहि खालीं २६ अंशांवर उकळतो. त्याचें कारखानी नांव आर-१३४ए. कारागीर त्याला नुसता गॅस म्हणतात.

हा गॅस मोफत मिळता तर एकदां उकळून हवेंत सोडून दिला असता. तसें परवडत नाहीं, म्हणून त्याला पुन्हा द्रव करावें लागतें. तेथें प्रेशर कुकरचा न्याय उपयोगी पडतो: दाब वाढला कीं उकळण्याचें तपमान वाढतें. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा काँप्रेसर ह्या गॅसला इतका दाबतो कीं पन्नास अंश उष्णतेंतहि तो द्रव होऊं शकतो. गाडीच्या तोंडाशीं जाळीसारखा कंडेन्सर असतो. त्यावर बाहेरचा वारा लागतो, तेथें गॅस आपली उष्णता टाकून द्रव होतो. पुढें तो ड्रायर नांवाच्या डबींतून जातो, तेथें त्यांतलें पाणी शोषलें जातें. मग एका बारीक झडपेंतून तो एकदम कमी दाबांत सुटतो आणि आंतल्या कूलिंग कॉइलमध्यें उकळूं लागतो. त्या कॉइलवरून पंखा जी हवा ढकलतो तीच आपल्या तोंडावर येते. हवेंतला दमटपणा कॉइलवर साचून गाडीखालीं थेंब थेंब गळतो. नव्या मालकांना तें गळणें पाहून धास्ती वाटते; वस्तुतः तें यंत्र नीट चालल्याचें सुचिन्ह आहे.

ह्या विद्येचा इतिहासहि मनोरंजक आहे. १९०२ सालीं अमेरिकेंत विलिस कॅरियर ह्या तरुण इंजिनिअरनें ब्रुक्लिनच्या एका छापखान्यासाठीं पहिली आधुनिक योजना आंखली, ती माणसांच्या सुखासाठीं नव्हे. दमट हवेनें कागद फुगून रंग चुकीच्या जागीं बसत, म्हणून! मोटारींत हें यंत्र कारखान्यांतूनच बसवून देण्याचा पहिला मान १९४० सालच्या नमुन्याच्या पॅकार्ड गाड्यांचा. त्यांची कॉइल सामानाची अर्धी जागा खाई, आणि यंत्र बंद करायचें झाल्यास गाडी थांबवून, झांकण उघडून काँप्रेसरचा पट्टा हातानें काढून ठेवावा लागे. त्या मानानें आज आपण एक बटण दाबतों.

असो. आतां आमच्या पराक्रमाकडे वळूं.

पहिल्या कारागिरानें झांकण उघडलें, नळीला बोट लावलें आणि सांगितलें, "गॅस कमी आहे." त्यानें गॅस भरला. दुसऱ्यानें जुना गॅस भस्सदिशीं हवेंत सोडून दिला आणि अंदाजानें नवा भरला. मीटर कोणींच लावला नाहीं. किती वजनाचा गॅस घातला हें कोणींच सांगितलें नाहीं. तिसऱ्या वेळीं मी स्वतः भावाबरोबर गेलों. शाळेंत विज्ञान शिकविल्याचा अभिमान! मीं कारागिराला म्हटलें, "जितका गॅस अधिक तितका गारवा अधिक. हात आंखडूं नकोस." तो बिचारा काय बोलणार? गिऱ्हाईक सांगतें तसें त्यानें केलें. तीन वेळां मिळून सात हजार रुपये गेले.

परिणाम असा झाला कीं, पूर्वीं निदान मंद वारा तरी येत असे. आतां भर दुपारीं वाकडच्या गर्दींत गाडी अडकली कीं काँप्रेसर आपोआप बंद पडूं लागला. माझ्या नियमांत चूक कोठें होती? गॅस म्हणजे चुलींतलें लांकूड नव्हे कीं अधिक घालावें आणि अधिक जाळ करावा. तो फेऱ्या घालणारा हमाल आहे. कंडेन्सरमध्यें द्रवच गच्च भरून राहिला तर गॅसला द्रव व्हायला जागाच उरत नाहीं. दाब भलताच चढतो, आणि यंत्र फुटूं नये म्हणून ठेवलेला स्विच काँप्रेसरची वीज तोडतो.

चौथा कारागीर आम्हांला महामार्गाच्या बाजूच्या रस्त्यावर, एका पत्र्याच्या शेडमध्यें भेटला. पंचविशींतला मुलगा, आय. टी. आय. झालेला. त्यानें प्रथम गॅसचें नांवहि काढलें नाहीं. त्याचा क्रम मीं पुढें वहींत उतरून घेतला. तोच आपणांस सांगतों, कारण तो कोणत्याहि गाडीला लागू आहे.

पहिली गोष्ट, पंख्याचा वारा पुरेसा येतो कीं नाहीं? वारा कमी असेल तर पाला, धूळ किंवा जाळीचा गाळ ह्यांनीं वाट बुजली असेल, नाहीं तर पंख्याचा वेग बदलणारा रेझिस्टर जळला असेल. तेथें गॅसचा संबंधच नाहीं. दुसरी गोष्ट, बटण दाबतांच काँप्रेसरच्या तोंडाशीं 'टक्' असा आवाज होऊन त्याची पुढची चकती फिरूं लागते का? फिरत नसेल तर फ्यूज, रिले, तार किंवा चकतीचा क्लच पाहावा. तिसरी गोष्ट, कंडेन्सर स्वच्छ आहे का, आणि त्यापुढचा पंखा फिरतो का? ठेंगण्या गाड्यांचा कंडेन्सर रस्त्याच्या इतका जवळ असतो कीं चिखल, खडे आणि किडे सारे त्यावर येऊन आदळतात. चौथी गोष्ट, नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग आहेत का? गॅसबरोबर काँप्रेसरचें तेलहि फिरत असतें; जेथून गॅस निसटतो तेथें तेल आपली सही ठेवून जातें. जुनी गाडी महिनोन्महिने उभी राहिली कीं सांध्यांतल्या रबरी कड्या आणि काँप्रेसरच्या दांड्याची सील सुकतात. म्हणून गाडी वापरांत नसली तरी हें यंत्र दर पंधरवड्यास दहा मिनिटें चालवावें.

इतकें झाल्यावर त्यानें दोन घड्याळांचा मीटर लावला. एक घड्याळ कमी दाबाच्या नळीचें, दुसरें अधिक दाबाच्या नळीचें. हे दोन कांटे म्हणजे वैद्याच्या हाताखालची नाडी. दोन्ही कांटे खालीं असतील तर गॅस गळाला आहे. दोन्ही वर असतील तर गॅस फाजील आहे, हवा शिरली आहे, किंवा कंडेन्सरला वारा लागत नाहीं. कमी बाजू जवळ जवळ शून्यावर आणि नळीवर एखाद्याच जागीं हिंव जमलेलें, तर तेथें झडप किंवा ड्रायर तुंबला आहे. कमी बाजू चढलेली आणि अधिक बाजू उतरलेली, तर काँप्रेसर झिजला आहे. मात्र यंत्र बंद असतां दोन्ही कांटे सारखेच असतात आणि ते केवळ बाहेरच्या उष्म्याप्रमाणें दाब दाखवितात. ३० अंशांवर तो सुमारें ९७ पौंड असतो, मग गॅस अर्धा असो वा पुरा. म्हणून बंद यंत्राच्या कांट्यावरून 'गॅस पुरेसा आहे' असें म्हणणें चुकीचें. गॅसचें खरें माप म्हणजे तराजू.

आमच्या गाडीचे दोन्ही कांटे वर होते. त्या मुलानें सगळा गॅस यंत्रानें टांकींत ओढून घेतला, हवेंत सोडला नाहीं, आणि त्याचें वजन केलें: ८५० ग्रॅम. झांकणाच्या आंत चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलें होतें ६०० ग्रॅम. तीन कारागीर आणि एक मास्तर, ह्यांपैकीं ती पट्टी कोणींच वाचली नव्हती! जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या माणसानें ही गोष्ट कबूल करतांना मान खालीं घालावी हेंच योग्य. त्यानें नळ्यांत नायट्रोजन भरून, सांध्यांना साबणाचें पाणी लावून गळती तपासली, एक सुकलेली कडी बदलली, पाऊण तास व्हॅक्यूम पंप चालवून आंतली हवा आणि दमटपणा काढला, आणि तराजूवर मोजून ६०० ग्रॅम गॅस घातला.

दुसऱ्या दिवशीं गाडी औंधला गेली. काँप्रेसर बंद पडला नाहीं. परंतु वारा पुन्हा कोमटच. भाऊ कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त गाडीची कागदपत्रें कपाटांतून काढून टेबलावर ठेवलीं. तें पाहून मला संताप आला आणि मी तडक त्या शेडवर गेलों. तेथें चार गिऱ्हाइकें बसलीं होतीं. त्यांच्या देखत मीं म्हटलें, "पाव किलो गॅस तूं आमच्या गाडींतून काढून ठेवलास आणि वर पैसे घेतलेस. ही चोरी नव्हे तर काय?"

त्या मुलाचा चेहरा उतरला. पण तो चिडला नाहीं. तो म्हणाला, "गुरुजी, कांटे बरोबर आहेत. यंत्र थंड करतंय. तो थंडावा आंत येईपर्यंत कुठं तरी मरतोय. उद्यां सकाळीं गाडी गार असतांना आणा, आणि गाडींत जे बसतात त्यांना घेऊन या."

सकाळीं आम्ही तिघेंहि गेलों. त्यानें माझ्याकडे पाहिलेंहि नाहीं, भावजयीला विचारलें, "काकू, गाडी सुरू केल्यापासून कधीं गार लागतं आणि कधीं थांबतं?"

ती लगेच म्हणाली, "घरापासून भुमकर चौकापर्यंत छान गार असतं. मग हळूहळू कोमट होतं. मी ह्यांना आणि अण्णांना पहिल्या दिवसापासून सांगतेंय."

श्रोतेहो, हें अगदीं खरें होतें. तिनें तें मला तीन वेळां सांगितलें होतें. मीं दरवेळीं म्हटलें होतें, "ऊन वाढतें म्हणून तसें वाटतें." जिला त्रास होत होता तिची साक्ष आम्हीं घेतलीच नव्हती.

त्या मुलानें हवा येते त्या जाळींत थर्मामीटर खोंचला आणि इंजिन सुरू केलें. पारा ९ अंशांवर आला. दहा मिनिटें गेलीं. पारा चढत चढत २१ वर गेला. मीटरचे कांटे मात्र हलले नाहींत: कमी बाजूस ३२ पौंड, अधिक बाजूस १९०. प्रारंभीं गार आणि पुढें कोमट होण्याचीं आणखीहि कारणें असतात. कॉइलवर बर्फ जमलें तर तसें होतें, पण मग वाऱ्याचा जोर कमी होतो. येथें वारा तितकाच होता. नळींतलें पाणी झडपेच्या तोंडाशीं गोठलें तरी तसें होतें, पण मग कमी बाजूचा कांटा शून्याखालीं जातो. येथें तो स्थिर होता. त्यानें माझा हात धरून आंत जाणाऱ्या जाड नळीवर ठेवला. ती गार होती, तिला घाम सुटला होता. नंतर त्यानें शेजारच्या दोन रबरी नळ्यांना हात लावायला सांगितलें. त्या चटके बसण्याइतक्या तापल्या होत्या.

त्या नळ्या हीटरच्या होत्या. ही गाडी थंड देशासाठीं घडलेली. त्या देशांत हिंवाळ्यांत इंजिनाचें तापलेलें पाणी एका छोट्या जाळींतून नेतात आणि तिच्यावरून हवा आंत सोडतात. उन्हाळ्यांत पाण्याची वाट एका झडपेनें बंद करतात. आमच्या गाडीची ती झडप वर्षानुवर्षें न हलल्यामुळें गंजून अर्धी उघडी राहिली होती. आंतील खुंटी 'थंड' कडे सरकवली कीं तार सरके, पण झडप जागची हलत नसे. म्हणजे एकीकडे काँप्रेसर हवा थंड करीत होता आणि दोन वितींवर इंजिनाचें सुमारें नव्वद अंशांचें पाणी तीच हवा पुन्हा तापवीत होतें! सकाळीं इंजिनाचें पाणी गार असतें, म्हणून भुमकर चौकापर्यंत गारवा टिके. पाणी तापलें कीं तो संपे. सगळें कोडें भावजयीच्या एका वाक्यांत सुटलेलें होतें.

त्यानें एक साधा चिमटा घेऊन हीटरची एक नळी आवळली. पारा उतरूं लागला. वीस, सतरा, बारा, दहा. तेथें थांबला. भावानें खिडकीच्या काचा वर केल्या, आणि भावजय डोळे मिटून पांच मिनिटें नुसती बसून राहिली.

पुढें तिच्याच मापाची दुसरी झडप मिळाली. तिची किंमत आम्हीं हवेंत उडविलेल्या गॅसच्या एका भरणीहून कमी होती. गाडी विकली गेली नाहीं. दुसऱ्या दिवशीं, तीं चार गिऱ्हाइकें ज्या वेळीं येतात त्या वेळीं, मी शेडवर गेलों आणि माझा शब्द मागें घेतला. तो मुलगा हंसून म्हणाला, "गुरुजी, चहा घ्या." एवढ्यानें तो विषय त्याच्यापुरता संपला, माझ्यापुरता संपलेला नाहीं, म्हणून हें भाषण.

गॅस हवेंत सोडण्याबद्दल दोन शब्द बोललेंच पाहिजेत. जुन्या गाड्यांत आर-१२ नांवाचा गॅस असे. १९७४ सालीं मोलिना आणि रोलंड ह्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, ह्या जातीचे वायु वर जाऊन पृथ्वीभोंवतींच्या ओझोनच्या कवचाला खातात. १९८७ सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांचा करार झाला, १९९२ सालीं भारत त्यांत सामील झाला, आणि २०१० च्या आरंभापासून आपल्याकडे अशा वायूंचा सामान्य वापर बंद झाला. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाहीं. परंतु तो उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें १,४३० किलोंइतका भार वातावरणावर घालतो. म्हणजे आमच्या गाडीचे ६०० ग्रॅम सोडून देणें हें साडेआठशें किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखें! म्हणूनच २०१६ सालीं किगाली येथें ह्याहि वायूंचा वापर टप्प्याटप्प्यानें कमी करण्याचें ठरलें. ताथवड्याच्या शेडमध्यें होणाऱ्या 'भस्स' आवाजाचा हिशेब असा जगाच्या खात्यावर मांडला जातो.

ज्यांच्याजवळ आर-१२ च्या काळची गाडी असेल त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, तींत नुसता नवा गॅस भरून भागत नाहीं. जुनें खनिज तेल नव्या गॅसमध्यें मिसळत नाहीं. तें जागोजाग साचतें आणि काँप्रेसर तेलावांचून मरतो. तेल, ड्रायर आणि रबरी कड्या बदलाव्या लागतात. आणखी एक सावधगिरी. कमी पैशांत मिळतो म्हणून स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा वायु कोणी भरूं पाहील तर साफ नाहीं म्हणावें. बसण्याच्या जागेजवळ पेट घेणारा पदार्थ खेळविणें म्हणजे अविचार आहे. घरच्या घरीं नळी सैल करण्याचाहि मोह धरूं नये. सुटलेला द्रव डोळ्यांत गेला तर दृष्टि जाऊं शकते.

मग गृहस्थानें करावें काय? कारागिराकडे जाण्यापूर्वीं एका कागदावर चार ओळी लिहाव्या. वारा जोराचा येतो कीं मंद? गारवा मुळींच नाहीं, कीं कांहीं वेळ असतो? गाडी पळतांना बरा आणि गर्दींत उभी राहतां वाईट, असें आहे का? तसें असेल तर बहुधा कंडेन्सरचा पंखा दोषी. बिघाड एका दिवसांत झाला कीं महिन्यामहिन्यानें वाढत गेला? एका दिवसांत झाला तर वीज, पट्टा किंवा फुटलेली नळी. हळूहळू झाला तर गळती. कारागिरानें 'गॅस भरूं' म्हटलें तर त्याला नम्रपणें दोन प्रश्न विचारावे: आधींचा गॅस गेला कोठून, आणि नवा किती ग्रॅम घालणार? जो ह्या दोन प्रश्नांनीं रागावतो त्याच्याकडे गाडी देऊं नये. जो उत्तर देतो त्याच्यावर मग पुरता विश्वास ठेवावा, आणि माझ्यासारखा अर्ध्या विद्येनें मधें तोंड घालूं नये.

शाळेंत एखादा मुलगा गणितांत मागें पडला कीं मी त्याला अधिक गणितें घालीत असें. म्हणजे गॅसच भरीत होतों म्हणा ना! त्यांतल्या कित्येकांना फळ्यावरचें दिसत नसेल, कित्येक उपाशी येत असतील, कोणाच्या घरीं आजारपण असेल. त्या मुलांना 'बाळ, तुला कधींपासून आणि केव्हां अडतें?' असें मीं किती वेळां विचारलें, हा प्रश्न त्या शेडमधून घरीं परतल्यापासून माझी पाठ सोडीत नाहीं. आतां तीं मुलें मोठीं झालीं. त्यांतलें कोणी हें भाषण ऐकत असेल तर त्यानें आपल्या म्हाताऱ्या मास्तराला क्षमा करावी.

परवां भावजय औंधहून परत आली तेव्हां तिनें दारांतूनच सांगितलें, "अण्णा, आज थेट औंधपर्यंत गार होतं." ह्या वेळीं मीं तिचें म्हणणें पुरतें ऐकून घेतलें.